पाच भेगा, पाच माणसं

भिंत तपासणारा फाटकातून आत आला, तेव्हा घरातली पाचही माणसं बाहेर, भिंतीला पाठ लावून उभी होती. कुणीच हललं नाही. एरवी पाहुणा आला की धावत जाऊन त्याच्या हातातली पिशवी घेणारी ही माणसं. आज त्यांनी जागच्या जागी माना हलवून ‘या, या’ केलं.

कारण साधं होतं. बाहेरच्या गिलाव्याला पाच ठिकाणी भेगा पडल्या होत्या आणि घर विकायचं होतं. घेणाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं की गिलावा तपासून घेणार, खराब निघाला तर व्यवहार रद्द. दुरुस्तीला वेळ नव्हता. मग घरच्या कर्त्या मुलाने कागदावर घराचा नकाशा काढला आणि माणशी एक भेग वाटून दिली. सकाळी त्याने सगळ्यांना दोनदा उभं करून सरावही घेतला.

घर विकायचं होतं ते आईसाठी. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि तिला जिना चढवेना. तेव्हापासून ती खालच्या खोलीत आणि बाकीचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. आई खाली एकटी पडते, या विचाराने मुलाला वर घास गोड लागत नसे. शेवटी त्याने एक फ्लॅट शोधून काढला. तळमजल्यावर, सगळ्या खोल्या एका रांगेत आणि आईची खोली बरोबर मधोमध. तो बघून आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आनंदाने आलं, असं मुलाने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

तपासणाऱ्याजवळ लाकडी हातोडी होती. तो भिंतीवर ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की वहीत नोंद. पहिल्याच कोपऱ्यावर जावई उभे होते. जरा सरकता का, असं त्याने विचारलं. जावयांनी पाठीत उसण भरल्याचं सांगितलं आणि खरं वाटावं म्हणून कण्हूनही दाखवलं. पुढे सून फोनवर बोलत होती. फोन उलटा धरलेला होता. तिने हातानेच ‘थांबा’ अशी खूण केली आणि पलीकडे नसलेल्या माणसाला तब्येत सांभाळायला सांगितलं. मामांना, म्हणजे आईच्या धाकट्या भावाला, खोटं बोलणं जमत नसे. म्हणून त्यांना झोपायला सांगितलं होतं. ते उभ्या उभ्या घोरत होते आणि मधूनच एक डोळा उघडून तो माणूस गेला का ते बघत होते.

मुलगा स्वतः नळाजवळच्या भिंतीवर दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखा उभा होता. डॉक्टरांनी अंगावर ऊन घ्यायला सांगितलंय, असं त्याने आपणहून सांगून टाकलं. इथे तर सावली आहे, असं तपासणारा म्हणाला. म्हणूनच वेळ लागतोय, असं मुलाने उत्तर दिलं.

आई मागच्या अंगणात होती. सगळ्यात रुंद भेग तिच्या वाट्याला आली होती. तिलाच का, हे कुणी बोललं नव्हतं. पण नकाशा बघितल्यावर आईने सुनेकडे बघितलं होतं आणि सुनेने छताकडे. तिकडे तपासणारा बराच वेळ रेंगाळला. मुलाचा जीव टांगणीला लागला. जागा सोडून बघून येण्याची सोय नव्हती.

पाऊण तासाने तो पुढच्या अंगणात परत आला आणि त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. माणसं नाइलाजाने भिंतीपासून सुटली आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून खेकड्यासारखी तिरकी तिरकी आली. आईही काठी टेकत आली.

“आता मागे वळा,” तो म्हणाला. “पक्का गिलावा कपड्यांना लागत नाही. सुटलेला लागतो.”

सगळे निमूट वळले. तो एकेका पाठीसमोर थांबून वहीत लिहू लागला. जावयांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत पांढरी भुकटी. सुनेच्या खांद्याला अख्खा पोपडा चिकटलेला. मामांचा सदरा ओलाचिंब, म्हणजे आत पाणी मुरलेलं. मुलाची पाठ बघून त्याने वहीचं पानच उलटलं आणि नव्या पानावर सुरुवात केली. बिचारा एकदाही हसला नाही. मुलाला मात्र रडू यायचं तेवढं बाकी होतं. तो फ्लॅट, ती मधली खोली, त्या खोलीत सगळ्यांच्या गराड्यात बसलेली आई, सगळं हातचं चाललं होतं. आईची दोन वर्षं वाया घालवली आणि आता पुढचीही जाणार, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

शेवटी तपासणारा आईच्या मागे जाऊन उभा राहिला. तिच्या पाठीवर ठिपकासुद्धा नाही, असं तो म्हणाला.

मुलाला जरा धीर आला. मागची भिंत तरी वाचली ना, असं त्याने मान न वळवता विचारलं. तपासणारा म्हणाला की ती भेग तर त्याने सगळ्यात आधी लिहिली, सव्वाचार फूट. आजी तिच्यापासून हातभर बाजूला उभ्या होत्या. मोजताना टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

आता सगळेच वळले.

“आई,” मुलगा म्हणाला, “अगं, हे सगळं तुझ्यासाठी चाललंय.”

“माहीत आहे रे बाळा,” आई म्हणाली. “पण तुम्ही सगळे वर आणि मी खाली, अशी दोन वर्षं किती सुखात गेली माझी. आता सगळे एकाच मजल्यावर आलात, तर मी जायचं कुठे?”