सुसाट पुरणपोळी

"अहो, माझा व्हिडिओ अडकणार नाही ना?" बायकोने विचारलं, तेव्हा श्रीरंग नुसता हसला. गावाला इंटरनेट तोच पुरवायचा. बायकोच्या पाककृती त्याने सुसाट सोडल्या होत्या आणि तिच्या प्रतिस्पर्धी कुंदाताईंचा वेग गुपचूप कमी केला होता.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून रडवेली होऊन परतली. तिची पुरणपोळी गावाने एका दमात पाहिली होती: लाटताना फाटलेली, तव्यावर करपलेली, उलटताना अर्धी शेगडीवर पडलेली. कुंदाताईंचा व्हिडिओ मात्र पोळी टम्म फुगताच थांबला होता. तेवढी पोळी बघूनच गाव धन्य झालं होतं.

"त्यांचीही पुढे फाटलीच असणार, पण दिसली कुणाला?" ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता त्यांचा वेग वाढवा."

"अगं, सगळ्यांना सारखा वेग द्या म्हणून सरकारची नोटीस आली, तरी मी बधलो नाही!"

"सरकारला पोळ्या लाटाव्या लागत नाहीत."

श्रीरंगने हात टेकले. "बरं, दोघींना सारखा वेग देतो."

"सारखा कशाला?" तिने डोळे पुसले. "त्यांना जास्त द्या. फाटलेली नीट दिसू दे."