दाल उघड

“ताई, दाल उघड!” धाकट्या भावाची जीभ ‘र’पाशी अडखळायची. आई चिडवायची, “दार म्हण, तरच उघडीन.” ताई मात्र धावत जाऊन कडी काढायची. मोठेपणीही बोबडेपण गेलं नाही. भांडून भाऊच घर सोडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात फोनवर त्याचाच आवाज आला, “ताई, दार उघड, माझा माणूस घराचे कागद न्यायला आलाय.” तिनं कडी काढली, कागद गेले. आवाज यंत्रानं घडवलेला निघाला. आवाजचोरीच्या कायद्यात साक्ष आवाजाच्या मालकाचीही लागते, म्हणून भाऊ आज कोर्टात आला. न्यायाधीशांनी तेच वाक्य म्हणायला सांगितलं. “ताई, दाल उघड.” समोरचा वकील हसला, “एवढा फरक कळला नाही, बाई?” “ऐकताक्षणीच कळला,” ती भावाकडे बघत म्हणाली, “पण खऱ्यानं नऊ वर्षं कडी वाजवली नाही, म्हणून खोट्याला उघडलं.”