तेलात पानी

“तेलात पानी आहे,” कय्यूम मिस्त्री बोलला, आणि बोलून फसला.

त्याच्या हातात तेल मोजायची पट्टी होती. तिच्यावर काळं तेल नव्हतंच, ढवळलेल्या ताकासारखा पांढुरका फेस होता. ट्रकचं इंजिन आतल्या आत कुठंतरी फुटलंय आणि रेडिएटरचं पाणी तेलात उतरतंय, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण घनश्याम शेठचा अर्धा जन्म मोहाच्या दारूत पाणी घालून विकण्यात गेलेला. आता सागाचा ठेका घेतला, डिझेलवरचा नवाकोरा ट्रक घेतला, तरी पाण्याचा त्याला एकच अर्थ ठाऊक. चोराच्या मनात चांदणं!

“तेल विकलं ना बे? अन् पानी भरलं?” शेठनं चाकं खोलायची लोखंडी टामी उचलली आणि ड्रायव्हर मुखरूच्या नडगीवर घातली.

हाड मोडल्याचा आवाज कय्यूमला साफ ऐकू आला. मुखरू धुळीत कोसळला. दुसरा घाव पाठीवर बसला, तिसरा खांद्यावर. “मी नाई, शेठ! पोराची आन, मी नाई!” तो गुरासारखा ओरडत होता. कुरखेड्याच्या त्या जंगलात लाकडं भरायला आलेले वीस-पंचवीस मजूर गोल करून उभे होते. अडवायला एकही पुढं झाला नाही. शेठची टामी त्यांच्यातल्या बहुतेकांनी खाल्लेली होती.

कय्यूमला वाटलं, आपल्या जिभेला आग लागो. तीन शब्द बोललो आणि एका माणसाचा पाय गेला! तो धावत जाऊन शेठच्या आडवा झाला. “शेठ, हे चोरीचं पानी नाई. इंजिनाचंच आहे. खोलून दाखवतो!”

“खोल. नाई निघालं त दुसराई पाय मोडतो त्याचा. मंग तुह्या मोडतो.”

कय्यूमनं गाडीखाली घुसून तळाचा नट सैल केला. आधी नितळ पाण्याची धार आली आणि मागून तो पांढरा चिखल. हे रेडिएटरमधून उतरलेलं पाणी, म्हणजे पुरावा मुखरूच्या बाजूचा होता, पण शेठला कुठला कळायला! “पाहा! बादलीभर पानी!” म्हणत त्यानं मोडक्या पायावरच लाथ घातली. मुखरूची शुद्ध गेली. कोणीतरी त्याला ओढून चाकाला टेकवून बसवलं.

मग कय्यूम इंजिनाचं वरचं लोखंडी झाकण, म्हणजे हेड, खोलायला लागला. घाईत पाना निसटून बोटं सोलून निघाली. चार मजुरांनी उचलून ते जड धूड ताडपत्रीवर ठेवलं. कय्यूमनं हेडाखालचं, पाणी अडवणारं पातळ गास्केट उजेडात धरलं. इथंच जळालेलं असणार, याची त्याला खातरी होती.

गास्केट धड होतं. कुठं डाग नाही, की भोक नाही.

शेठ थुंकला. टामी हातात तोलत मुखरूकडे निघाला. शुद्धीवर येत असलेल्या मुखरूनं धड पाय पोटाशी ओढून घेतला.

“थांबा!” कय्यूम किंचाळला. त्यानं हेडावर रॉकेल ओतलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि लाकडांवर नंबर टाकायच्या खडूची भुकटी वरून चोळली. सगळे वाकून बघू लागले. बघता बघता त्या पांढऱ्या लोखंडावर एक काळी ओली रेघ उमटली. केसाएवढी बारीक, पण चांगली वीतभर. भेगेत मुरलेलं रॉकेल वर येत होतं.

“हे पाहा. इथून पानी जाते तेलात. तापल्या इंजिनात थंडं पानी ओतलं का लोखंड तडकते. चोरी नाई का फिरी नाई.”

“हॅट्! मले शिकवतं काय बे?” शेठ उसळला. “परवा नाल्यावर गाडी वाफा सोडत होती. हा भैताड मुखरू म्हणे, थांबा, निवू द्या. मीच ओतल्या दोन बादल्या! तडकली काय? धूम पळाली!”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. झिंगू नावाचा म्हातारा मजूर फस्सकन हसला. शेठचं तोंड काळंनिळं झालं. हसणाऱ्याला सोडून तो मुखरूवरच धावला. “तवा माह्या हात काऊन नाई धरला रे तू?” त्यानं टामी डोक्यावर उगारली.

कय्यूमनं घण उचलला. शेठवर नाही, हेडावर.

“टामी खाली टाक! नाई त याचे दोन तुकडे करतो.”

शेठ जागीच थांबला. भेगेत पितळेच्या मेखा ठोकून हेड शिवता येतं आणि चांद्यापासून इकडे हे काम एकट्या कय्यूमला येतं, हे तो जाणून होता. हेड फुटलं तर नवं मुंबईहून यायला दोन महिने. मिरग पंधरा दिवसांवर आलेला. एकदा नाले भरले की तोडलेला सगळा साग इथंच कुजणार. त्याचा हात हळूहळू खाली आला. टामी धुळीत पडली.

मजुरांनी न सांगता बैलबंडी जुंपली. मोडक्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि मुखरूला बंडीत घालून ते वडशाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले. बंडी झाडीआड जाईपर्यंत कय्यूम घण मांडीवर घेऊन हेडावरच बसून राहिला. मग उठून आपली हत्यारं पोत्यात भरायला लागला.

“कय्यूमभाऊ,” शेठ आयुष्यात पहिल्यांदा त्याला भाऊ म्हणाला, “गाडी कवा चालन?”

कय्यूमनं पोतं खांद्यावर टाकलं.

“मुखरू चालन तवा.”