मुंग्यांचं बी

ड्रिकाने चाळण हलवली आणि तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. मुंग्यांच्या बिळातली वाळू खाली गळाली आणि वर रूइबॉसचं बी राहिलं. चांगलं वाडगाभर.

कालपर्यंत हेच बीळ चमचाभर बी देताना रडत होतं. रूइबॉसची, म्हणजे लाल चहाची, तिची झुडपं म्हातारी झाली होती, त्यात दोन वर्षं पावसाने दगा दिलेला. शिवाय रूइबॉसच्या शेंगा अशा तऱ्हेवाईक, की पिकल्या की फुटतात आणि बी कुठल्या कुठे उडवून देतात. ते वेचावं मुंग्यांनी, आणि मुंग्यांकडून घ्यावं ड्रिकाने. तिच्या आईनेही तेच केलं होतं. विकतचं किंवा उसनं बी या घराने कधी पेरलं नाही, हे ड्रिका वुपरताल गावात कुणालाही, न विचारता, ऐकवायची.

गेल्या रविवारी चर्चच्या दारात तिने जाहीर करून टाकलं होतं. फेब्रुवारी संपायच्या आत वाडगाभर बी जमलं नाही, तर पेरणी बंद. शेत सोडून ती वुस्टर शहरात मुलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार. बॅगही भरून दारात ठेवली होती. आज सत्तावीस तारीख. तिला त्या तिसऱ्या मजल्यावर मुळीच राहायचं नव्हतं, पण चारचौघांत बोललेला शब्द आता गिळणार कसा?

शेजारचा फ्लोरस दगडी कुंपणावर येऊन बसला होता. सत्तरी ओलांडलेला हा विधुर रोज सकाळी तिथे बसून तिच्या कामातल्या चुका काढायचा आणि समाधानाने घरी जायचा. माझ्याकडचं बी घे, असं त्याने तीनदा सांगून पाहिलं होतं. तिन्ही वेळा तिने त्याला वाटेला लावलं होतं.

"मिळालं का काही?" त्याने आकाशाकडे बघत विचारलं.

"वाडगाभर."

"बघ. उगाच मुंग्यांना आळशी म्हणत होतीस."

ड्रिकाने चष्मा लावला. बिळातलं बी तेल चोपडल्यासारखं चकचकीत असतं. त्याची साल इतकी टणक, की पॉलिश पेपरवर घासल्याशिवाय ते रुजत नाही. त्यासाठी ती दरवर्षी स्वयंपाकघराच्या पायरीवर दिवसच्या दिवस बसायची. हे बी मात्र निस्तेज होतं. दाणा न् दाणा घासलेला, पेरणीला तयार. मुंग्या बी साठवतात, घासून देत नाहीत.

तिने मान वर केली. फ्लोरसच्या दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्ट्या होत्या.

"अंगठ्यांना काय झालं?"

"सुतारकाम."

"काय बनवतोयस?"

फ्लोरसने अंगठे मुठीत लपवले. "अजून ठरलं नाही," तो म्हणाला.

वाडगा उचलून त्याच्या डोक्यावर उपडा करावा, असं तिला एकदा वाटलं. आईपासून चालत आलेला नेम या बाबाने आपलं बी बिळात मिसळून तिच्या नकळत मोडून टाकला होता. पण याला साधा सुईत दोरा ओवता येत नाही. शर्टाचं बटण तुटलं तर तो तसाच चर्चला येतो. आणि मोहरीएवढे दाणे त्याने बोटं सोलवटून घासले होते, ती जाऊ नये म्हणून. तिचा राग आला तसा निघून गेला. तिने नाक ओढलं आणि डोक्यावरचा रुमाल सोडून वाडग्यावर झाकला.

"फ्लोरस, जरा आत ये. दारातली बॅग कपाटावर चढवायचीय. माझा हात पोचत नाही."

त्याने दारातल्या बॅगेकडे पाहिलं.

"आणि मुंग्यांना सांग, पुढच्या वर्षी जरा हलक्या हाताने घासा. बरेच दाणे फुटलेत."

फ्लोरस कुंपणावरून उतरला, मुंग्यांच्या बिळाला लांबून वळसा घालून तिच्या दारापाशी आला आणि त्याने टोपी काढली.

"सांगतो," तो म्हणाला.