व्हिलनला वाकवायचं कसं

"हौला आहे का तुझा हीरो, अगदीच खुळा?" भामाबाईंनी अंबाडीची जुडी परातीत आपटली. "वीस वर्षं दातओठ खाल्ले आणि शेवटी एका गोळीत मोकळा केला? तो मेला, सुटला. मग सूड कुणावर, मढ्यावर?"

नेहा सिनेमाच्या कथा लिहायची. आजची गोष्ट तिने मुद्दाम आईला ऐकवायला घेतली होती. व्हिलन हीरोच्या बापाला घरी जेवायला बोलावतो आणि भरल्या पंगतीत, वाढल्या पानावरून उठवतो. लहानगा हीरो ते बघतो. तिथून पुढे सगळा सूड.

पंगतीचं ऐकताना भामाबाईंचे हात थांबले होते. कोठी बाजारातल्या दुकानातला नवऱ्याचा भागीदार एकनाथराव. त्याने आपल्या थोरल्या मुलाच्या मुंजीत लक्ष्मणरावांना असंच उठवलं होतं. "आधी घरची माणसं बसू द्या," म्हणाला. लक्ष्मणराव हसून उठले, हात धुतले आणि विसरले. नवराच तो. विसरायचं काम स्वतः घेतलं, धुमसायचं बायकोवर टाकलं.

"आमचीच गोष्ट लिहिलीस, पोरी. मग शेवट मला विचार."

"सांग. तिथंच अडलंय."

"मारायचं नाही. व्हिलनला मुलगी आहे?"

"आहे. एकुलती एक."

"मग झालं तर! हीरोने तिलाच मागायची. भर मांडवात व्हिलन वाकेल. बायको पाणी घालेल आणि हा हीरोचे पाय धुईल. नामपल्लीचं अख्खं मंगल कार्यालय बघेल. वर पोरगी जाईल ती वेगळीच, आणि जन्मभर जावयापुढे मान खाली. गोळीत आहे का एवढं?"

"पण मुलीच्या आईने हो म्हणायला हवं. ती फार खाष्ट आहे."

"म्हणेल! न म्हणून जाते कुठं? पोरगी हट्टाला पेटली की कुणाची आई टिकलीय?"

नेहाने एक श्वास घेतला. "अभिजीतही हेच म्हणाला."

"कोण अभिजीत?"

"एकनाथकाकांचा धाकटा. गोष्ट त्याची आहे, आई. आपल्या वास्तुशांतीला बोलावून तू काकांना पानावरून उठवलंस, तेव्हा तो शेजारीच जेवत होता."

"ती परतफेड होती!"

"तुझी. त्याचा सिनेमा तिथून सुरू होतो."

भामाबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर खाली घेतली नाही. अगदी आईवर गेली होती.

"रविवारी तो मला मागणी घालायला येतोय," नेहा म्हणाली. "काय सांगू?"

भामाबाई बराच वेळ देठ मोडत राहिल्या. पानं कधीच संपली होती.

"ये म्हणावं," त्या म्हणाल्या. "पाणी मीच घालणार ना? कढत घालीन."