तीन कडवी, शिस्तीत

मृणालिनीनं हात वर केला आणि जयवंतनं गिटार दुप्पट वेगानं हाणायला सुरुवात केली.

खरं तर हात वर म्हणजे थांब. आठ महिने तिनं गायकवृंदाला हेच शिकवलं होतं. अकरा पोरंपोरी गपकन थांबलीही. गिटार मात्र थांबेना. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि गिटार चाललीय तर आपण कशाला मागे, म्हणून पुन्हा तोंडं उघडली.

"कोकरू आलं घरी गं, कोकरू आलं घरी! काट्यांमधून आणलं त्यानं आपुल्या खांद्यावरी!"

वाट लागली, मृणालिनीच्या मनात आलं.

घाटकोपरच्या त्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती देवळात गिटार पहिल्यांदाच आली होती, तीही एका रविवारापुरती. शहाऐंशी साल उजाडलं तरी तिथे येशूची गाणी म्हणायची ती पेटीवर आणि फक्त पेटीवरच. "गिटार सहलीला न्या, लग्नात वाजवा. प्रभूच्या घरात नको," असं मार्तंडकाका वर्षभर म्हणत होते. मंडळीचे सगळ्यात ज्येष्ठ पंच तेच, त्यामुळे त्यांच्यापुढे पाळकसाहेबही गप्प. मृणालिनीनं स्वतः गाणं रचलं, त्यांना ऐकवलं, हातापाया पडली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "एक गाणं. तीन कडवी. शिस्तीत. शिस्त मोडली की गिटार बाहेर." गिटार बाहेर गेली की तिच्या मागोमाग ही अकरा पोरंही जातील, हे मृणालिनीला पक्कं ठाऊक होतं. एकेकाला घरून ओढून आणलं होतं तिनं.

आणि नेमकी काल संध्याकाळी गिटार वाजवणारी सुलक्षणा विळीवर बोट कापून बसली. धावाधाव झाली. शेवटी ऑफिसातला जयवंत आठवला. गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा, बाकीचं वर्ष चाळीतल्या मालवणी भजनी मंडळात रमणारा. "देवाचंच काम ना? मग येतो की!" म्हणाला आणि सकाळी आलाही, चपला दाराबाहेर काढून. सगळे बुटांत, हा एकटा अनवाणी. सूर जुळवले, पहिलं कडवं वाजवून पाहिलं. गाणं संपवायचं कसं, हे सांगायच्या आत घंटा झाली.

आता ती डोळे वटारत होती आणि तो खुशीत मान डोलवत होता. तिनं टाचा उंचावून हात आणखी वर नेला. जयवंतचा चेहरा दिव्यासारखा उजळला. लय चौपट झाली!

मग कुणाचंच कुणावर चालेना. तिसरं कडवं संपून किती वेळ झाला, कोण जाणे. कोकरू घरी येतच होतं, येतच होतं. टाळ्या सुरू झाल्या. गुडघ्यांमुळे वर्षभर बसूनच प्रार्थना करणाऱ्या शेवंतीमावशी काठी टेकत उठल्या, आणि मग ती काठीच ताल धरू लागली. पेटीवाल्या विद्याधरमास्तरांनी आधी पेटी मिटली होती. त्यांनी ती घाईघाईनं उघडली आणि गिटारीला गाठायला पळत सुटले.

तेवढ्यात पहिल्या बाकावरचे मार्तंडकाका उभे राहिले.

तीस वर्षांत गाण्याला त्यांची मानसुद्धा हलली नव्हती. त्यांनी एक हात वर केला, तळवा थेट गिटारीकडे. जयवंतनं तो हात पाहिला आणि आनंदानं जागच्या जागी उडीच मारली. मागच्या बाकांना तळवा कुठला दिसायला? त्यांना दिसली काकांची पाठ आणि वर गेलेला हात. काकाच हात उंचावतायत म्हटल्यावर मग काय! वारा शिरल्यावर भाताचं शेत हलावं, तसे बाकाबाकांवरून हात उठले. काकांनी वळून पाहिलं. क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी दुसराही हात वर केला.

संपलं, मृणालिनीला वाटलं. आता दोन्ही हातांनी थांबवतायत.

थांबलं कुणीच नाही. शेवटी गिटारीची तार तुटली, म्हणून गाणं थांबलं.

उपासना सुटल्यावर अंगणात तिनं जयवंतला गाठलं. "अरे, थांब म्हणून हात केला होता ना मी!"

"थांब?" घामानं निथळणारा जयवंत गोंधळला. "आमच्यात बुवान हात वर केल्यान की गजर चढवूचा! मला वाटलं, तू रंगात आलीस. आणि मग तर मोठे बुवाच उठले गं! त्यांच्यापुढे कसा थांबणार?"

तिला हसावं की रडावं, कळेना. मोठे बुवा पायऱ्यांवर उभे होते. लोक त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होते, "काका, आज तुम्हीसुद्धा!" मृणालिनी पुढे झाली. अकरा पोरं श्वास रोखून मागे उभी राहिली.

"काका, शिस्त मोडली. लोकांना काही वाटो, तुम्ही थांबवायला उठला होतात. मी पाहिलं. आता तुम्ही म्हणाल तसं."

काकांनी चष्मा काढला. कोटाच्या टोकानं पुसला. इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकले.

"पहिला हात, बाळ," ते म्हणाले. "थांबवायला फक्त पहिला हात होता."