गुरुवारपर्यंत

"शुक्रवार तरी नक्की बघतील," डॉक्टर पिम खोलीचं दार हलकेच ओढून घेत म्हणाला. "छातीत पाणी झालंय, पण लॉर्डसाहेबांचं काळीज दणकट आहे."

हॉनोरियानं भावाकडे पाहिलं. आज मंगळवार. बापाला आणखी तीन दिवस मिळाले म्हटल्यावर मुलाचा चेहरा जरा तरी खुलायला हवा. रँडलचा चेहरा पडला.

"नक्की?" त्यानं विचारलं. "म्हणजे... गुरुवारच्या आत काही नाही?"

"देवाची इच्छा, साहेब. पण मला नाही तसं वाटत." आपण धीर दिला या समाधानात डॉक्टर जिना उतरून गेला.

गुरुवारी लंडनला पार्लमेंटात परदेशी धान्यावरच्या करावर मतदान होतं. कर उठला की परदेशचा गहू येणार, पाव स्वस्त होणार आणि तिचे वडील लॉर्ड वेदरली यांच्यासारख्या जमीनदारांचं कंबरडं मोडणार. खालच्या सभागृहाच्या निवडणुकीत रँडलनं गावच्या चौकात, विणकरांसमोर, टोपी हातात धरून शब्द दिला होता की मी कर उठवायच्याच बाजूनं मत देईन. आता पक्षानं बजावलं होतं, तसं केलंस तर मंत्रिपद विसर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पण त्याआधी बाप गेला तर? बाप गेला त्या क्षणी थोरला मुलगा लॉर्ड होतो, आणि लॉर्डाला खालच्या सभागृहात मत नाही. त्याची जागा वरच्या सभागृहात, आणि तिथं कोण काय करतो हे विचारायला विणकर जात नाहीत. मग पक्षही खूश. सुंठीवाचून खोकला गेला.

"तू वाट बघतोयस," हॉनोरिया म्हणाली.

"काहीतरीच काय बोलतेस!"

"सहा आठवडे त्यांच्या उशाशी बसलेय मी, रँडल. आता मला खोटं ऐकायचंही त्राण नाही. सकाळची पहिली गाडी पकडून आलास, मला वाटलं पपांसाठी आलास."

रँडल भिंतीला टेकला. बावन्न वर्षांचा माणूस, पण खांदे सत्तरीतल्यासारखे उतरलेले. "थकलो गं मी," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं याची मनधरणी कर, त्याची कर. एकदा तरी आपोआप सुटावं, एवढंच वाटलं."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. पपा सुटावेत असं तिनंही देवाकडे दोनदा मागितलं होतं. तिचं कारण वेगळं होतं, पण मागणं तेच.

"बाहेर कुजबुजू नका," आतून खरखरीत आवाज आला. "मेलो नाही अजून."

पपा उशांच्या ढिगाला टेकून बसले होते. अंगात काही उरलं नव्हतं, सगळा जीव डोळ्यांत आला होता.

"काय म्हणाला पिम?"

"शुक्रवारपर्यंत, पपा," हॉनोरियानं सांगून टाकलं.

पपांनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. "वाईट झालं, नाही का रे?"

"पपा, असं काय बोलता..."

"गप. चाळीस वर्षं मी माणसांची तोंडं बघून मतं ओळखत आलोय. तुझं ओळखायला कितीसा वेळ लागणार?"

रँडल खिडकीशी गेला. मग लहान मुलासारखा फुरंगटून म्हणाला, "तुम्हाला तर तो कर हवाच आहे. मग तुम्हाला काय फरक पडतो?"

"हवाच आहे. तो उठला तर या छपरावरचे शिशाचे पत्रेसुद्धा विकावे लागतील तुला." पपांना धाप लागली. हॉनोरियानं पाठीला हात लावला, तो त्यांनी झिडकारला. "खाली जिन्यात तसबिरीत तुझे आजोबा टांगलेत बघ. राजाच्या तोंडावर विरोधात मत दिलं त्यांनी. पंधरा वर्षं कुणी जेवायला बोलावलं नाही. मत चुकीचं होतं त्यांचं, गाढवपणा होता निव्वळ. पण उभे राहून दिलं."

"मग मी काय करू म्हणता?"

"ते तू ठरव. कराच्या बाजूनं दिलंस तर आनंदानं मरेन. विरोधात दिलंस तर तुला शिव्या घालत मरेन. पण माझ्या मढ्याआड लपायचं नाही, रँडल."

रँडलनं हातातली टोपी खुर्चीवर ठेवली.

"हॉनोरिया," पपा म्हणाले, "खायला काय आहे?"

ती पाहतच राहिली. रविवारपासून त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे आणि 'पुरे झालं आता' एवढंच म्हणायचे. कालपासून तिनं आग्रह करणंही सोडलं होतं.

"मटणाचा रस्सा आहे, पपा. गार झालाय, गरम करून आणते."

"गारच दे."

तिनं घाईघाईनं वाडगा उचलला. रस्सा चादरीवर सांडला. रँडलनं पुढे होऊन वाडगा तिच्या हातातून घेतला आणि तो पलंगाच्या कडेला बसला. जन्मात त्यानं कुणाला भरवलं नव्हतं. चमचा फार भरला गेला, अर्धा रस्सा हनुवटीवरून ओघळला.

तोंड वेडंवाकडं करत पपांनी घोट गिळला. डोळे मिटून तो पोटात ठरण्याची वाट पाहिली आणि पुन्हा तोंड उघडलं.

"हळू," ते म्हणाले. "दोघांनाही गुरुवार गाठायचाय."